काळ्या दगडाची कमान

माझी बायको राही वारली, त्यानंतर मी कामाला हात लावला नव्हता. आम्ही दोघं गवंडीकाम करायचो. मी दगड बसवायचो, ती चुना भिजवायची, दगडी चाकाच्या घाणीवर मळायची. हेंद्रेपाड्यात आमच्या परसात तिनं भिजवलेला चुना खड्ड्यात तसाच होता. तो सुकू नये म्हणून मी रोज वर पाणी घालायचो. त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात काझिमचाचा घरी आले. नदीकाठच्या शिया मशिदीचं सगळं ते बघायचे. म्हणाले, "हरिचंद्र, कमान फाटली. मोहरमच्या आत उभी करून दे."

मशीद एका इराणी घोडेवाल्यानं बांधली, असं जुनी माणसं सांगत. मिनार नाहीत. आत सागाचे खांब, निळ्या फरश्यांची भिंत, पुढं पाण्याचा हौद. दारावर पिंपळपानासारखी टोकदार कमान, तिच्या माथ्यावर दगडात कोरलेला पंजा. दगड इथलाच काळा, हातही इथल्याच पाथरवटांचे. राही तिकडून जाताना दर वेळी थांबून बघायची. म्हणायची, "एवढं आपल्याला जमलं पाहिजे."

मी लगेच हो म्हणालो. चुन्याला जागा मिळाली.

दगड उतरवून ओळीनं मांडले आणि चाचांचा भाचा आबिद आला. म्हणाला, "हरीभाऊ, आता कमान हातभर उंच करा. सिमेंटमध्ये. अलम दरवेळी झुकवावा लागतो."

अलम म्हणजे पंजा लावलेलं उंच निशाण. मोहरमला ते बाजूच्या इमामवाड्यातून निघून या कमानीखालून बाहेर जातं. दाराशी ते तिरकं करायचे.

"ती अदब आहे," चाचा म्हणाले. "माझ्या अब्बांच्या वेळेपासून झुकवतो."

"अदब नाय मामू, मजबुरी आहे," आबिद म्हणाला.

"उंच केली तर हे दगड एकमेकांत बसणार नाहीत," मी म्हटलं. "आणि माझा चुना वाया जाईल."

"चुना क्या, ट्रकभर मिलेगा."

"हा राहीचा आहे."

चाचा मान हलवत होते, कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे. तो चुना खड्ड्यात तसाच पडू द्यायचा, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी आबिदच पहार घेऊन आला. दाराशी फुटलेली एक लादी काढायला गेला, तर खाली शहाबादी फरशी. तीही उचकटली. खाली काळा दगड, घासून गुळगुळीत झालेला, हौदाकडे उतार दिलेला.

"मामू! इकडे या!"

तो दाराजवळच्या खांबाशी बसून हातानं माती काढत होता. खांबाच्या पायाशी कोरलेलं कमळासारखं फूल निघालं. इतकी वर्षं ते जमिनीत होतं. कमान बुटकी नव्हतीच. लोकांनीच थरावर थर चढवून जमीन वर आणली होती.

चाचा खाली बसले. त्या फुलावरून हात फिरवला. मग म्हणाले, "आणि आम्ही अदब म्हणत होतो."

"सगळ्या फरश्या काढू," आबिद म्हणाला. "कमान आहे तशीच राहू दे. हरीभाऊ, तुमचा चुना आणा."

मी चुना डोक्यावरून आणला. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून मळला, राही मळायची तसाच घट्ट. खड्डा रिकामा झाला, कमान पुरी झाली, फरश्याही निघाल्या. लाकडी आधार काढताना मी खालीच उभा राहिलो. कण पडला नाही.

मोहरमच्या दहाव्या दिवशी अलम निघाला. तो धरायचा मान बारवीकडच्या सखाच्या घराकडे, पिढ्यान्‌पिढ्या. दाराशी येताच सवयीनं त्यानं तो तिरका केला.

"सीधा रख, सखा! सीधा!" चाचा ओरडले.

सखानं घाबरत सरळ धरला. पंजा कमानीखालून बोटभर अंतर ठेवून निघून गेला. दिवस शोकाचा, बायकांचं रडणं चालू होतं, मीही रडलो. पण मान माझी वर होती.

जुलूस परतल्यावर सखा हौदाशी शरबत पीत माझ्यावर चिडला. "हरीदादा, काय करून ठेवलंस? आधी तिरका केला की हाताला जरा आराम मिळायचा!"