लाहूरचा लिंगायत

नळदुर्गाकडच्या तोफा चार-पाच दिवसांपासून गप्प होत्या. पण निजाम जिंकला की हिंदी फौज, हे ज्वारीत दडलेल्यांना कोण सांगणार? रझाकारांनी घर जाळल्यापासून सिद्धम्मा नवरा बसप्पासोबत याच रानात जीव मुठीत धरून बसली होती.

एकाएकी ज्वारीची ताटं बाजूला झाली आणि बंदुकीची नळी थेट बसप्पाच्या छातीवर आली.

“कौन है?” शिपाई गरजला.

एरवी चावडीवर गडगडणाऱ्या बसप्पाची बोबडीच वळली. लिंगायताच्या घरी कुणीही आलं की हात जोडून जो शब्द म्हणायची रीत, तोच भेदरलेल्या सिद्धम्माच्या तोंडून निघाला.

“शरणार्थी!”

बंदूक खाली आली. शिपायाच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

“हम भी शरणार्थी हैं, माँजी,” तो हात जोडून म्हणाला. “लाहौर छूट गया हमारा. अब डरो मत, निजाम हार गया. घर जाओ.”

तो दिसेनासा झाल्यावर बसप्पाला कंठ फुटला. “कोण व्हता गं?”

“उठा आता. आपल्यातलाच व्हता,” सिद्धम्मा पदरानं घाम पुसत म्हणाली. “लाहूरचा लिंगायत.”