गेभार्डने आणलेल्या लांब स्की

ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये, आमच्या गावच्या स्की क्लबात दहा-बारा वर्षांच्या पोरांना मी शर्यतीचं स्कीइंग शिकवते, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पोरांनी मला कधी छळलं नाही. छळलं ते आईबापांनी, आणि त्यांत पहिला नंबर गेभार्डचा.

पाच वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी महिनाभर उतारावर गेटं, म्हणजे शर्यतीत ज्यांना वळसे घालत उतरायचं ते खांब, लावलीच नाहीत. पोरं काठ्यांशिवाय उतरत, एका पायावर उतरत, उलटी उतरत. वजन कुठल्या पायावर आहे हे अंगाला कळण्याचं वय तेच. शर्यती पुढे आहेतच. गेभार्ड लिफ्टवर मेकॅनिक. काम टाकून कडेला येऊन उभा राहायचा.

"इर्मी, ही सर्कस कधी संपणार?"

"नाताळपर्यंत तरी नाही."

"पलीकडच्या खोऱ्यातली पोरं रोज गेटं मारतात!"

"मारू देत. तू तुझी लिफ्ट बघ ना बाबा!"

त्याची मुलगी रोमाना, अकरा वर्षांची. अबोल, पण बर्फावर मांजरासारखी. नाताळनंतरच्या पहिल्या शर्यतीला ती वर आली, तेव्हा हातातल्या स्की तिच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच होत्या.

"या कुठून आल्या?"

"बाबाने आणल्या." ती बुटांकडे बघत होती.

"चालवल्यास कधी?"

"काल. दोनदा."

तिला तिथूनच परत पाठवायला हवं होतं. पण गेभार्डने सकाळीच दम भरला होता, "अडवलंस तर क्लब सोडतो." इकडे अकरा पोरं, एकाचा हातमोजा हरवलेला, दुसऱ्याला लघवीला लागलेली. मी वैतागून म्हटलं, "जा."

त्या दिवशीचा मार्ग जवळजवळ सरळ होता, बर्फ मऊ; लांब स्की वळायला जड, पण अशा उतारावर सुसाट सुटतात. रोमाना दीड सेकंदाने जिंकली.

"आता बोल!" गेभार्ड म्हणाला.

मंगळवारी अकरापैकी आठ पोरं नव्याकोऱ्या लांब स्की घेऊन हजर! मी कपाळाला हात लावला. क्विरिनची आई आडेलिंडे माझ्यावरच घसरली, "आमच्या क्विरिनने काय तुझं घोडं मारलंय? त्यालाही जिंकू दे की!"

समजावून समजावून माझा घसा बसला. कोणी ऐकलं नाही.

पुढची शर्यत जानेवारीत, काचेसारख्या बर्फावर, वळणावळणाच्या मार्गाची. आठांतली पाच पोरं पहिल्या दहा गेटांतच बाहेर गेली. चौथ्या गेटाला रोमानाच्या स्की फाकल्या आणि ती घसरत जाळीत अडकली. मी धावत पोचले. लागलं नव्हतं. तेवढ्यात खालून गेभार्डचा आवाज, "पुढे झुक म्हणून सांगितलं होतं ना!"

रोमानाने हेल्मेट काढलं आणि सगळ्या उताराला ऐकू जाईल असं ओरडली, "तूच ये आणि झुक!"

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "इर्मी, यांवर मला वळताच येत नाही गं. भीती वाटते. बाबा म्हणतो, सवय होईल."

मला गेभार्डचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा. अडवायचं काम माझं होतं. मी त्या स्की उचलल्या आणि खाली जाऊन त्याच्या हातात दिल्या.

"या पुन्हा तिच्या पायात दिसल्या तर मी तिला शिकवणार नाही. क्लब सोडायचा तर सोड."

"जिंकली होती ती यांवर."

"हो. आणि आज घाबरली. तेही बघ की जरा."

तो स्की खांद्यावर टाकून गाडीकडे निघून गेला. रोमाना आमच्याबरोबर थांबली, दोन वाट्या सूप प्यायली आणि क्लबच्या गाडीतून घरी गेली. पुढच्या सरावाला जुन्या स्की घेऊन आली.

दोन कुटुंबांनी क्लब सोडला. बाकीच्यांनी कुरकुरत लांब स्की तळघरात टाकल्या. त्या हिवाळ्यात रोमाना पुन्हा जिंकली नाही. पाचवी यायची, सहावी यायची. "पाचवी?" गेभार्ड असं विचारायचा, जणू मी त्याची गाय विकली होती.

आता ती सोळा वर्षांची आहे, प्रांताच्या संघात आहे. परवा बेकरीत रांगेत होते, तर पुढे गेभार्ड आडेलिंडेला सांगत होता, "मी पहिल्यापासून म्हणत आलोय, लहान पोरांच्या बाबतीत घाई करून चालत नाही."

आडेलिंडे मान डोलावत होती.

मी पाव न घेताच बाहेर पडले.