सासऱ्याच्या खोलीतला चोर

घरात चोर शिरलाय, असं माझे सासरे रेवणप्पा उठता-बसता सांगत. आणि तो चोर म्हणजे मीच, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे अशी माझी खात्री होती.

सोलापुरातला मार्शल लॉ उठून वर्ष झालं असेल. नव्या पेठेत आमचं घोंगड्या-चादरींचं दुकान आणि त्याच्या मागे घर. मी होटगीची. लग्न होऊन आले त्याच साली काचबिंदूनं मामंजींची नजर गेली. दुकान आमच्या ह्यांच्या हाती आलं आणि मामंजी मागच्या खोलीत बसून राहिले. सासूबाई नव्हत्या. घरावर राज्य मामंजींच्या विधवा बहिणीचं, गंगम्मा आत्यांचं.

आत्यांनी आल्या आल्या कानमंत्र दिला. "सासऱ्यापुढं सुनेचा आवाज निघाला न्हाय पायजे. पाय वाजला न्हाय पायजे. बांगड्या वर सारायच्या." मी बांगड्या वर सारून घट्ट बसवल्या, पदर कपाळापर्यंत ओढला आणि चवड्यांवर चालायला शिकले. सासऱ्यांना दिसतच नाही, मग पदर कुणासाठी, असं मी एकदा विचारून बघितलं.

"देवाला दिसतंय की," आत्या म्हणाल्या.

जेवणाचं ताट आत्या नेत, आणि नेताना दारापासून बोलत जात. बाकी सगळं माझ्याकडे. हे दिवसभर दुकानात, त्यांना वाटे तेही आत्याच करतात. खोली झाडायची, अंथरूण घडी करायचं, लिंगपूजेसाठी पाणी, विभूती आणि बेल ठेवायचा. मामंजींची एक खोड होती. तांब्या उशाशी, चपला पलंगाखाली मधोमध, विभूतीची डबी मांडीजवळ. पाय लागून सांडेल म्हणून मी तांब्या उचलून कोनाड्यात ठेवायची. चपला दाराआड, डबी फळीवर. आमच्या होटगीच्या घरात वस्तू जागच्या जागी असत. पसारा बघितला की माझं डोकं उठतं.

खोलीत पाऊल टाकलं की मामंजी मान ताठ करत. "यारदु? कोण हाय तितं?"

मी गप्प. उत्तर द्यायला बंदीच होती.

"गंगू, खोलीत कोण व्हतं?"

आत्या सोप्यातून ओरडत, "कुणी न्हाय, दादा. मी दारातच बसलेय. चिटपाखरू आलं न्हाय."

मी त्यांच्या डोळ्यांदेखत आत गेलेली असे. पण आत्यांच्या लेखी सून म्हणजे कुणी नव्हेच.

मला मात्र वेगळाच संशय होता. मामंजींना थोडं तरी दिसतंय. नाहीतर मी आले की बरोबर माझ्याकडेच तोंड कसं वळतं? 'कोण' विचारून ते माझी परीक्षा घेत असणार. मी तोंड उघडलं की झालं, सून उलटून बोलते म्हणून होटगीला रवानगी. आमच्या सोयरिकीच्या वेळी त्यांनी आढेवेढे घेतलेच होते.

एकदा मी पारखच करायचं ठरवलं. दुपारी गुपचूप जाऊन त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही. मग जीभ काढून दाखवली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी आणखी पुढे वाकले, तर त्यांनी नाकानं हुंगलं.

"लसणाचा वास येतोय. चोर जेवून आलाय."

मी शेंगाचटणी कुटताना चिमूटभर चाखली होती. सासऱ्याआधी सून जेवली, हे आत्यांच्या कानावर घालायचा तो डाव, असंच मी धरून चालले. अंगाची लाही लाही झाली. मामंजींना थोडं दिसतंय, एवढंच ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "खुळी हायस का? आप्पांना कसं दिसंल?"

दिवसेंदिवस मामंजी बिथरत चालले. तांब्या शोधताना भिंतीवर डोकं आपटलं. चपला सापडेनात म्हणून अनवाणी निघाले आणि उंबऱ्यात पडले. "माझ्या वस्तू पळवतोय. रोज येतोय. उभा राहतोय, श्वास ऐकू येतोय मला," असं आल्यागेल्याला सांगू लागले. मग त्यांनी पलंगाला काठी टेकवून ठेवली. गिऱ्हाइकं ह्यांच्याकडे बघून हसू लागली. ह्यांनी आत्यांना विचारलं, आत्यांनी शपथेवर सांगितलं की खोलीत कुणी जात नाही.

"मग आप्पांच्या डोक्यावर परिणाम झालाय," हे म्हणाले. अक्कलकोटच्या बाजूला ओळखीचा मठ होता. सोमवारी सकाळी मामंजींना तिथं नेऊन ठेवायचं ठरलं. कायमचं.

खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. चला, रोजची उलटतपासणी संपली. पण ह्यांनी ते मामंजींना सांगितलं तेव्हा मी दाराआड होते. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "शरणप्पा, मी येडा न्हाय रे. खोलीत माणूस असतंय." मामंजींनी मग तोंड भिंतीकडे केलं.

त्यांच्या आवाजात डाव नव्हता, भीती होती. पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की मी आत येते हे मामंजींना खरोखरच ठाऊक नसेल तर? पण आत्या सोप्यात बसलेल्या. मी चवड्यांवरच मागे फिरले.

सोमवारी गिरणीचा भोंगा झाला आणि दारात टांगा येऊन उभा राहिला. मामंजींचं गाठोडं पलंगावर बांधून तयार होतं. वाटेत खायला म्हणून मी कडक भाकरी आणि चटणीची पुरचुंडी घेऊन आत गेले. नेहमीसारखी, चवड्यांवर. गाठोड्याची गाठ सोडली.

"आता गाठोडंबी?" मामंजी किंचाळले आणि काठी फिरवली.

ती माझ्या हातावर बसली. पुरचुंडी पडली आणि वर सारलेल्या बांगड्या खळकन फुटून खाली सांडल्या. तरी मी ओठ घट्ट मिटून धरले. इतकी शिकवण मुरली होती.

मामंजी थिजले. काठी टाकून ते गुडघ्यांवर बसले आणि जमीन चाचपू लागले. "काच? चोराच्या हातात बांगड्या?" त्यांचा तळवा सरकत सरकत एका टोकदार तुकड्याकडे चालला होता.

"मामंजी, हात लावू नका! काच हाय!"

माझाच आवाज मला परका वाटला. सोप्यात आत्यांच्या हातातली परात आपटली.

मामंजींचा हात जागीच थांबला. "कोण?"

"मी. रत्नम्मा."

"रोज... तूच येत व्हतीस?"

"व्हय."

"तांब्या?"

"मीच उचलायची. सांडू नये म्हणून."

"लसूण?"

"चटणी चाखली व्हती, मामंजी. जेवले नव्हते." तशातही ते सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.

"मग बोलली का न्हाईस, पोरी? मी एवढं विचारत व्हतो की."

"सासऱ्याशी बोलू नये म्हणून."

मला वाटलं आता चिडतील. माझ्या हाताला रक्त होतं, डोळ्यांत पाणी होतं आणि मी शिव्यांची वाट बघत होते. पण मामंजींचा चेहरा उजळला. ते हसत होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

"शरणप्पा!" त्यांनी हाक मारली. "अरे शरणप्पा, माणूस व्हतं खोलीत! मी येडा न्हाय!"

हे धावत आले. खाली काच, माझा हात, बापाचं तोंड, सगळं बघितलं आणि मग आत्यांकडे बघितलं. आत्या म्हणाल्या, "कुणी म्हंजे बाहेरचं कुणी, असं समजले मी." टांगा रिकामा परत गेला.

त्याच दिवशी मामंजींनी आपल्या हातानं तांब्या उशाशी ठेवला, चपला पलंगाखाली मधोमध, डबी मांडीजवळ. "हितनं हलवायचं न्हाय," ते म्हणाले. मी "व्हय" म्हटलं. तो पसारा बघून माझे हात शिवशिवतात, पण मी पदराचं टोक मुठीत धरते. हेसुद्धा आता उंबऱ्यातून "आप्पा, मी शरणप्पा" म्हणून आत जातात.

आत्यांनी अबोला धरला. हाताची जखम भरल्यावर नव्या बांगड्यांसाठी कासारीण आली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "पातळ भर ग, मोजक्याच," त्या तिला म्हणाल्या. "सासऱ्याच्या खोलीत जावं लागतं हिला."

आतून मामंजींचा आवाज आला.

"हातभर भर, बाई. चांगल्या वाजल्या पायजेत."