सहा देशांचा मिस्त्री

चूक माझी होती, आणि ती करताना मला स्वतःची फार हुशारी वाटली होती.

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं बुरहानपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि राजधानी झाली भोपाळ. आमच्या विणकाम शाळेत मी लेखनिक होतो. वरून हुकूम आला की दप्तराची वाटणी करा, तिकडचं तिकडे पाठवा, इकडचं इकडे. तिकडचं म्हणजे काय, हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं. मी विचार केला, तिकडे मराठी, इकडे हिंदी. बस्स! मराठीतला प्रत्येक कागद नागपूरच्या गठ्ठ्यात घातला, हिंदीतला भोपाळच्या. दोन दिवसांत दप्तर चकाचक. मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली, हे मी मुद्दाम सांगतो, म्हणजे मूर्ख मी एकटाच नव्हतो.

त्या मराठी गठ्ठ्यात देवराम मिस्त्रींची सगळी फाइल गेली. देवराम मिस्त्री आमच्या शाळेत यंत्रमागाची दुरुस्ती शिकवायचे. एकोणीस वर्षं शिकवत होते. एकोणचाळीस साली नागपूरला परीक्षा देऊन आणलेलं त्यांचं प्रमाणपत्र, अस्सल, शिक्क्याचं, त्या फाइलीत टाचलेलं होतं. मी नागपूरला पत्रं घातली. उत्तर आलं, हा विषय आता आमच्या राज्याचा नाही. भोपाळकडून उत्तर आलं, कागद मिळालेला नाही. दीड वर्ष असा टोलवाटोलवीचा खेळ चालला आणि अठ्ठावन्नच्या मे महिन्यात शेवटचं पत्र आलं. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही ते एक जुलैपासून शिक्षक राहणार नाहीत, मदतनीस होतील. खात्री करायला समिती येईल.

मदतनीस म्हणजे तेलाचा डबा धरणारा. ज्या माणसाने शहरातले निम्मे फिटर घडवले, त्याने कालच्या पोराच्या मागे तेलाचा डबा धरून उभं राहायचं! मला रात्री जेवण गेलं नाही.

मिस्त्रींना मात्र वेगळाच नाद लागला होता. नागपूरचं वर्तमानपत्र आमच्याकडे दुसऱ्या दिवशी यायचं. त्यात आदल्या साली एक बारकी बातमी आली होती. युरोपातल्या सहा देशांनी रोममध्ये करार केला आणि त्यात एक कलम कामगारांच्या शिक्षणाचंही होतं. सगळ्यांनी मिळून त्याची सामाईक तत्त्वं ठरवायची. मिस्त्रींनी ती बातमी कापली, सुताला लावायच्या खळीने मागांच्या शेडच्या दारावर चिकटवली आणि येईल त्याला वाचून दाखवायला सुरुवात केली.

"फ्रान्स, जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग," ते बोटांवर मोजत म्हणायचे. "काल एकमेकांवर बॉम्ब टाकत होते रे. आज म्हणतात, कारागीर घडवायची रीत एक करू. उद्या काय होईल सांगू? इटलीत शिकलेला फिटर जर्मनीत जाईल आणि कोणी त्याला विचारणार नाही की बाबा, तुझा कागद कुठल्या गावचा. तुझा हात दाखव, म्हणतील."

चौकातले दुकानदार त्यांना सोडतात होय! "काय मिस्त्री, लक्झेंबर्गचं काय म्हणणं?" हे रोजचंच. मिस्त्री चिडत नसत. शांतपणे म्हणत, "लक्झेंबर्ग आपल्या तालुक्यापेक्षा फार मोठं नसेल. तरी त्याला विचारलं की नाही? तुम्हाला विचारलं कोणी?"

शेडमध्ये त्यांचा एक नियम होता आणि तो सगळ्यांना लागू होता. आत पाऊल टाकलं की आधी चालत्या मागाच्या चौकटीवर तळहात ठेवायचा आणि माग काय म्हणतो ते सांगायचं. मग आपलं काम. मी हजेरीपट घेऊन गेलो तरी सुटका नव्हती. मी हात ठेवायचो, डोळे मिटायचो आणि ठोकून द्यायचो, "बरा आहे." मिस्त्री म्हणायचे, "अरविंदा, तू डॉक्टर झाला असतास तर स्मशानाची सोय झाली असती." झाडूवाली गोदाबाई रोज सकाळी झाडायला यायची, तिलाही हात ठेवावा लागे. सहाच्या सहा मागांवर. तिचं उत्तर मी कधी ऐकत बसलो नाही, कारण तेवढ्यात मी पळालेलो असायचो.

समिती आली ती ऐन सुटीत. विद्यार्थी आपापल्या गावी, कोणी दापोऱ्याला केळीला पाणी देतोय, कोणी मामाकडे. मुख्याध्यापक रजेवर. शाळेत आम्ही तिघेच, मिस्त्री, मी आणि गोदाबाई. समितीत दोघे होते. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या मिशांचे, हिंदी बोलणारे गंभीर गृहस्थ आणि त्यांच्यासोबत एक तरुण इंजिनिअर. दुपारच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं.

"प्रमाणपत्र?" अध्यक्षांनी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "नागपूरमध्ये आहे साहेब."

"तो यहाँ नहीं है," अध्यक्ष म्हणाले आणि कागदावर लिहायला लागले.

तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. मराठी कागद तिकडे, हिंदी इकडे, ही माझी अक्कल होती, शिक्षा करायची तर मला करा. अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आपने भाषा देखकर बाँटा?"

"जी."

"कमाल है." त्यांनी पेन टेकवलं. "लेकिन मैं क्या करूँ? गलती आपकी, पर कागज तो नहीं है. नियम है."

मिस्त्री उठले आणि दारावरची ती पिवळी पडलेली बातमी अलगद सोडवून टेबलावर ठेवली. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता लक्झेंबर्ग निघालं!

"साहेब, सहा देश आहेत," मिस्त्री आपल्या बुरहानपुरी हिंदीत म्हणाले. "भाषा चार. फौजा सहा. वो लोग कहते हैं सिखाने की रीत एक करेंगे. और हमारा एकच देश. नागपूर में मी फिटर था, भोपाळ में नहीं हूँ? मेरा हाथ तो वही है ना?"

अध्यक्ष बातमी वाचत होते. त्यांना थोडं मराठी कळत असावं. मग ते सावकाश म्हणाले, "मिस्त्रीजी, ये सब कागज की बातें हैं. एक कलम लिख दिया. तत्त्व बनेंगे, बहस होगी. तीस साल लगेंगे. शायद कभी न हो."

"तीस लागू द्या," मिस्त्री म्हणाले. "पण सुरुवात त्यांनी बोलून केली. आपण न बोलताच दार बंद केलं."

इंजिनिअर हसला. त्याला ते आवडलं असावं किंवा त्याला गंमत हवी असावी. तो म्हणाला, प्रत्यक्ष काम तपासू या, मिस्त्रींनी एखादा माग दुरुस्त करून दाखवावा.

"मी नाही," मिस्त्री म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. हातातोंडाशी आलेला घास!

"मी फिटर आहे का, हे नाही ना तपासायचं? मी शिकवणारा आहे का, हे तपासायचंय. मग मी शिकवलेलं माणूस तपासा."

"छात्र तो छुट्टी पर हैं," अध्यक्ष म्हणाले.

"या शेडमध्ये रोज पाय ठेवणारे दोघं आहेत. हा अरविंद आणि ती गोदाबाई. दोघांनाही मी शिकवलंय."

आम्हाला बाहेर आंब्याखाली पाठवलं. आत इंजिनिअरने कुठल्यातरी एका मागात काहीतरी बिघाड केला आणि सहाही माग सुरू केले. त्यांचा खडखडाट पार नदीवरच्या राजघाटापर्यंत जायचा, त्या दिवशीही गेला असणार. आधी मला बोलावलं.

मी पहिल्या मागावर हात ठेवला. मग दुसऱ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर लक्ष दिलं, आणि मला काय कळलं, तर काहीच नाही. सहा माग आणि सहाही सारखेच थरथरत होते, किंवा थरथरत मी होतो. मिस्त्री भिंतीशी हाताची घडी घालून उभे होते. एका माणसाची एकोणीस वर्षं माझ्या तळहातावर तोललेली होती आणि मी रोज "बरा आहे" म्हणून पळालो होतो. मला रडू यायचं बाकी होतं.

"पाचवा," मी म्हणालो.

इंजिनिअरने नकारार्थी मान हलवली. अध्यक्षांनी काहीतरी लिहिलं. मिस्त्री एवढंच म्हणाले, "तो कधीच ऐकत नव्हता," आणि मला वाटलं धरणी दुभंगावी.

मग गोदाबाई आली. पदर खोचलेला, हातात अजून झाडू. तिला कुणी काय चाललंय ते धड सांगितलंही नव्हतं. तिने झाडू भिंतीला टेकवला, हात पुसले आणि नेहमीसारखी पहिल्या मागाशी गेली. हात ठेवला, उचलला. दुसरा, तसंच. तिसऱ्यावर तिने हात ठेवला आणि तो उचललाच नाही. दुसरा हातही ठेवला. कपाळाला आठी पडली.

"याचा धोटा डाव्या अंगानं उशिरा येऊन रायला," ती म्हणाली. "डावा पट्टा ढिला आहे."

इंजिनिअरचं तोंड किंचित उघडं पडलं. पण बाईचं संपलं नव्हतं. ती वाकली, सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याला डावीकडून ढकलणाऱ्या चामडी पट्ट्याला बोट लावलं आणि कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"पट्टा आपोआप ढिला व्हायला महिना लागते. मी सकाळी झाडलं तवा हा माग चांगला होता. हे कोनी मुद्दाम केलं. मास्तरच्या मागाले हात कोनी लावला?"

तिने आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि तिची नजर इंजिनिअरच्या तेलकट बोटांवर थांबली.

"भाऊ, तुमीच ना? शिकेल-सवरेल दिसता आणि पोरासारखं करता? धोटा उडून कोनाच्या डोळ्यात गेला असता म्हंजे?"

इंजिनिअर लाल झाला. अध्यक्षांच्या मिशा हलायला लागल्या, आधी थोड्या, मग सगळ्याच. तो गंभीर माणूस टेबलाला धरून हसत सुटला. मी तर हसत होतो की रडत होतो ते मला आजही सांगता येणार नाही. इंजिनिअरने खिशातून पाना काढला आणि गोदाबाईपुढे धरला. तिने पट्टा आवळला, माग ऐकला, पुन्हा अर्धा आटा आवळला. "आता बोल," ती मागाला म्हणाली.

अध्यक्षांनी आधी मिस्त्रींचा कागद पुढे ओढला. लिहिलेलं खोडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "शिक्षक. स्थायी." सही केली. मी ते उलट्या बाजूने वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मिस्त्री मात्र जागचे हलले नाहीत.

"आणि तिचं?"

"इनका क्या?"

"परीक्षा तिनं दिली साहेब. मी नाही दिली."

अध्यक्षांनी इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअर म्हणाला, "सर, मैंने पास किया." मग पिशवीतून नव्या राज्याच्या प्रमाणपत्राचा एक कोरा नमुना निघाला. नाव, गोदाबाई. काम, यंत्रमाग दुरुस्ती, प्राथमिक. शिक्का बसला. अध्यक्षांनी तो कागद स्वतःच्या हातांनी तिला दिला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या, तीन माणसांच्या जेवढ्या वाजतात तेवढ्या.

गोदाबाईला वाचता येत नव्हतं. तिने कागद उलटसुलट पाहिला आणि अध्यक्षांनाच विचारलं, "साहेब, हा कागद शिवेवरच्या इच्छापूरच्या पलीकडे चालते का?"

"क्या?"

"माझी लेक रावेरले दिली. तिथं मागाचं शेड निघालं म्हने. बायांनाबी घेऊन रायले. पन ते तर मुंबई राज्य. तिथं हा कागद चालते का?"

अध्यक्षांचं हसू मावळलं. त्यांनी खरं तेच सांगितलं. "नहीं कह सकता बाई. वो दूसरा राज्य है. मुझे वहाँ का अधिकार नहीं है."

गोदाबाईने समजल्यासारखी मान हलवली. तिला नवल वाटलं नाही, आणि तेच मला लागलं. मिस्त्री पुढे आले. आवाज चढवला नाही.

"साहेब, त्या सहा देशांत पण अधिकार कोणालाच नसेल. तरी पहिली सही कोणीतरी केलीच ना?"

अध्यक्षांनी टेबलावरची ती बातमी पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी गोदाबाईच्या हातातून कागद मागून घेतला. शिक्क्याच्या खाली, जिथे काहीही लिहायची जागा नव्हती, तिथे बारीक अक्षरांत हिंदीत दोन ओळी लिहिल्या. त्याखाली सही केली. इंजिनिअरने पेन मागितलं आणि त्यानेही केली.

"पढ़कर सुनाइए," ते मला म्हणाले.

गोदाबाईला कळावं म्हणून मी मराठीत वाचलं, "या बाईची परीक्षा मी स्वतः घेतली आहे. जिथे माग आहे तिथे हिला काम द्यावं, राज्य कोणतंही असो."

जूनच्या शेवटी गोदाबाई रावेरला गेली. पुढे पंधरा दिवस मिस्त्री रोज दारात उभं राहून पोस्टमनची वाट बघायचे. बातमीचा कागद पुन्हा दारावर चिकटवलेला होता, पण कुणाला वाचून दाखवत नव्हते. मग एका सकाळी तिच्या लेकीचं पोस्टकार्ड आलं. मी ते शेडमध्ये घेऊन गेलो. मिस्त्रींचे हात तेलाने माखलेले होते, म्हणून मीच वाचलं. मजकूर एवढाच होता: मालकानं कागद पाहिला, मग आईले मागापाशी नेलं. आई कामावर लागली.

देवराम मिस्त्री तसेच तेलकट हातांनी बाहेर पळाले. पन्नाशीचा माणूस, अनवाणी, चौकातल्या एकेका दुकानासमोर थांबून ओरडत होता, "चालला! कागद पलीकडे चालला!"