धाकट्याची खुर्ची

“डोळे बघ आरशात. पिवळेजर्द झालेत. कावीळ उतरेपर्यंत दुकानात पाऊल टाकू नकोस,” थोरला म्हणाला, तेही गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं.

वडिलांनी थाटलेलं केशकर्तनालय, दोघं भाऊ, दोन खुर्च्या. दाराजवळची धाकट्याची. बायको गेल्यापासून तो चार शब्द बोलायचा ते त्या खुर्चीपाशीच. ती खुर्चीही गेली तर त्याच्याजवळ उरणार काय?

आणि कावीळ कसली डोंबलाची! एचआयव्हीची जुनी औषधं लागू पडेनात, म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नवी दिली होती. एका गोळीबद्दल त्यांनी बजावलं होतं, “ही प्रोटीज इनहिबिटर. नवा विषाणू तयार होताना त्याला कापाकापी करावी लागते. ही त्याची कात्रीच बोथट करते. ही चुकवायची नाही.” डोळ्यांचंही त्या सांगणारच होत्या. पण तेवढ्यात रांगेत एक नेहमीचं गिऱ्हाईक दिसलं आणि हा गडी तोंडावर रुमाल धरून सटकला.

थोरल्याला रोगाचा पत्ताच नव्हता. वस्तरा धरणाऱ्यानं असलं काही सांगायचं म्हणजे आपल्या हातानं धंद्यावर पाणी सोडायचं.

मग यानं स्वतःचं डोकं चालवलं. पिवळेपणा त्या कात्रीवाल्या गोळीनंच आला असणार, मग तेवढी गाळायची. बाकीच्या इमानेइतबारे घ्यायच्या. पंधरवड्यात डोळे पांढरे झाले. “आता कसा माणसात आलास,” म्हणत थोरल्यानं पाठीवर थाप मारली आणि हा सुखावला. मूर्ख कुठला.

काही महिन्यांनी एका गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवताना तो कोसळला. गोळीविना विषाणू माजला होता, न्यूमोनियानं छाती भरली होती.

“नुसते डोळे पिवळे होतात, त्यानं काही बिघडत नाही. नकोच असती तर दुसरी दिली असती. विचारायचं तरी,” नर्सबाई कळवळून म्हणाल्या. गोळी पुन्हा सुरू झाली. जीव वाचला.

आठवड्यानं थोरला इस्पितळात आला, पण खोलीच्या दाराच्या आत आला नाही. बातमी फुटली होती.

“सुट्टी मिळाली की येतो दुकानात, दादा.”

“कुठे येतोस? तुझ्या खुर्चीवर कुणी टेकत नाही. भंगारात दिली.”



“मग तिथं काय ठेवलंस?”

“बाकडं. माझ्या एकट्याकडे गर्दी होते. लोकांना बसायला नको का?”

“हवंच की,” धाकटा म्हणाला, आणि थोरला निघून जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.