मावरोपेत्रातले वारिंगलचे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे, आणि माणसांच्या बोटांची मला किळस येते. सगळ्यांच्या नव्हे. का ते ऐका.

माझा जन्म ग्रीसमधल्या पिरेयस बंदरातल्या एका कारखान्यात झाला. मावरोपेत्रा या आमच्या बेटावरच्या गावातली निम्मी तरुण पोरे ऑस्ट्रेलियातल्या वारिंगल नावाच्या लोकरीच्या गावी गेली, तेव्हा गावकऱ्यांनी मला विकत आणून सारांतिसच्या कॉफीच्या दुकानात टांगले. माझ्या शेजारचे घड्याळ आमच्या गावाची वेळ दाखवी, मी वारिंगलची. माझी वेळ आठ तास पुढची. गावातला एकुलता एक फोन माझ्याच खाली होता.

सुरुवातीला मला फार मान होता. स्तामातीया रोज सकाळी दहाला येई. तिचा मुलगा स्त्रातिस तिकडे मासे तळून विकायचा. ती माझ्याकडे पाहून म्हणे, "सहा वाजले. दुकान बंद करून हात धूत असेल." इथे डिसेंबरात ती ऑलिव्ह झोडपायची काठी घेऊन थंडीत कुडकुडत उभी असे, आणि तिकडे तो उकाड्याने हैराण होऊन पायरीवर बसलेला. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण माझ्या तबकडीवर ती मुलाचा सारा दिवस वाचायची. मग फोन करायची.

सारांतिस तिच्या बहिणीचा मुलगा. समुद्राकाठच्या तिच्या ऑलिव्हच्या बागेवर त्याचा डोळा होता. तिथे त्याला हॉटेल बांधायचे होते. एका सकाळी तळलेले मासे खाता खाता तो स्टुलावर चढला आणि त्याच तेलकट बोटांनी त्याने माझे काटे पाच तास पुढे ढकलले. मासळीचा तो वास आठवला की आजही मला मळमळते.

"अरे, आज अकरा कसे?" स्तामातीयाने विचारले.

"तिकडच्या सरकारने घड्याळं पुढं केलीत, मावशी. आता तू येतेस तेव्हा तो झोपलेला असतो. कशाला उठवतेस बिचाऱ्याला?"

दहाच्या आधी आणि दुपारी दुकान बंद असे. संध्याकाळी पुरुषांच्या गर्दीत ती येत नसे. ती माझ्याकडे बघून माघारी फिरू लागली. तिकडून स्त्रातिसचा फोन आला, की सारांतिस आवाज खाली आणून सांगे, "रागावलीय रे तुझ्यावर. बोलायचंच नाही म्हणते."

हे सारे दुकानात बसलेल्यांच्या देखत चाले. न्हावी योर्दानिस, मासेमारी सोडलेले दोघे भाऊ, सगळ्यांना ठाऊक होते. ते जमिनीवर थुंकत, पत्ते पिसत, माझ्याकडे पाहून हसत. माझ्या काचेवर धुराचा पिवळा थर चढला, माश्यांनी घाण केली. पण सर्वांत जास्त शिसारी मला माझीच आली. माझ्या तोंडाने एका आईला खोटे सांगितले जात होते, आणि मी टिकटिक करत होतो.

वर्ष सरत आले. "पोरगा विसरला गं तुला," सारांतिस म्हणाला. "बाग माझ्या नावे कर. म्हातारपणी मीच आहे ना?" तिने होकारार्थी मान हलवली. दुसऱ्याच सकाळी त्याने कागद टेबलावर पसरला. तिने अंगठ्याला शाई लावून घेतली.

त्याच वेळी फोतिनी आत आली. आदल्या रात्रीच्या बोटीने ती वारिंगलहून माहेरी आली होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या मनगटाकडे.

"सारांतिस, हे घड्याळ बिघडलंय का? माझं अजून तिकडच्याच वेळेवर आहे. तिथं आत्ता सव्वासहा झालेत."

"सव्वाअकरा," स्तामातीया म्हणाली. "सरकारनं पुढं केलीत."

"कुठल्या सरकारनं, काकू? स्त्रातिस आत्ता जेवायला बसला असेल. निघताना मला म्हणाला, आईला विचार, माझं काय चुकलं?"

पत्ते थांबले. स्तामातीयाने सारांतिसकडे पाहिले. तो फडक्याने टेबल पुसू लागला, स्वच्छच होते तरी. तिने शाईचा अंगठा त्याच्या पांढऱ्या एप्रनला पुसला आणि फोन उचलला.

ती काय बोलली ते सांगत नाही. ते त्या दोघांचे. पण बराच वेळ ती नुसती "जेव, जेव, मी थांबते," एवढेच म्हणत होती.

फोन ठेवल्यावर योर्दानिस पुढे झाला. "मी सांगणारच होतो, मावशी."

"कधी? माझ्या अंत्ययात्रेत?"

मग एकेक जण म्हणाला की त्यालाही संशय होताच. सारांतिसच्या बोटांपेक्षा मला त्या वेळी या तोंडांची जास्त ओकारी आली. फोतिनीने रुमाल ओला करून माझी काच पुसली आणि काटे मागे आणले.

मित्रांनो, मला चावी द्यायला विसरलात तर मी बंद पडेन, त्याचे मला दुःख नाही. बंद घड्याळ कुणाला फसवत नाही. पण कुणी काटे खोटे फिरवताना दिसला, तर हातातला कप तसाच ठेवा आणि तिथल्या तिथे बोला. नंतर सगळ्यांनाच ठाऊक असते.