कोरा पफ

पफ अगदीच कोरा होता. गुलाबी, लुसलुशीत, कोंबडीच्या पिलासारखा... असा पफ थेट तोंडाला कधी लावू नये, आधी तळहातावर झटकून झटकून त्याची हाव मारावी लागते. नाहीतर मेला डबीतली निम्मी पावडर ओढतो आणि गालावर नेऊन थापतो. सोजराला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिनं तो उचलला.

शेजारीच तिचं नेहमीचं फडकं पडलं होतं – जुन्या धोतराचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा. चाळीतल्या पोरी दाखवायच्या असल्या की आया सोजरालाच हाक मारायच्या, आणि ती या फडक्यानं पावडर दाबत दाबत लावायची, घासायची नाही, जास्तीची टिपून घ्यायची... मग कुणी ओला हात फिरवला तरी गालाच्या रंगात फरक म्हणून दिसत नसे.

"मामी, फडकं नको ना," तानी म्हणाली. "आईनं क्यांपातल्या सिंध्याच्या दुकानातनं मुद्दाम पफ आणलाय."

"मग पफच लावू की, बाई."

तानी शालनबाईंची लेक, सोजराच्या नणंदेची. पाहायला येणारा मुलगा इथंच पिंपरीत, नव्या औषधांच्या कारखान्यात. म्हणून पोरीला मामाच्या घरी दाखवायचं ठरलं आणि मायलेकी सकाळीच चऱ्होलीहून आल्या. रंग आईचाच, काळासावळा. सोजरानं पफ डबीत बुडवला, पुन्हा बुडवला... थाप, अजून थाप. मुलाची आत्या मागच्याच चाळीत राहायची, आणि पोरीच्या गालावरून ओला पदर फिरवल्याशिवाय ती बया पाहण्यातून उठत नाही, हे सोजरानं डोळ्यांनी पाहिलं होतं. वन्संना हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का सांगू?

...चाकणकडच्या माहेरच्या ओसरीवर सोजरा स्वतः अशीच पाटावर मान खाली घालून बसली होती, आणि भावासाठी मुलगी पाहायला आलेल्या शालनबाईंनी नाव विचारलं, चालून दाखवायला लावलं, मग पाणी मागितलं – आणि पदराचं टोक तांब्यात बुडवून खसकन तिच्या गालावरून ओढलं. खालचा काळा रंग निघाला, देवीचे वण निघाले. "बघा गं बायांनो, वरनं पीठ, खालनं करपलेली भाकर!" बाया हसल्या, बापे हसले. आणि वर पसंतही केली; रानात राबायला दणकट हात हवेच होते. तेव्हापासून बारसं असो की हळदीकुंकू, ती भाकर शालनबाई वाढतच आल्या आहेत. करपलेली मी! आणि ह्यांची लेक काय दुधात न्हाऊन आली आहे? हसू दे आज चार माणसांना. पाहू दे यांना, कसं वाटतं ते.

शालनबाई दारातून डोकावल्या. "अगं बया! मडमच दिसतीया की माझी तानी. सोजरे, हात हाय बाई तुला!"

त्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. थांबा वन्सं, जरा दम धरा.

"मामी, तुम्ही पण लावा की," तानी म्हणाली, आणि नको नको म्हणेतो तिनं पफ हातावर झटकून सोजराच्या गालावर टेकवलासुद्धा. हळू हळू, दाबत... वणांवरून तर फारच हळू. "आई सारखं ते भाकरीचं सांगत असती ना? मला न्हाई आवडत."

या गालाला असा कुणाचा हात लागल्याचं सोजराला आठवेना. फडकं तिथंच होतं. तानीचा गाल दोनदा टिपला असता तरी पुरलं असतं...

"तानी, जरा थांब—"

पण बाहेर वहाणा वाजल्या, "या, या" झालं, आणि शालनबाई लेकीला दंडाला धरून घेऊन गेल्या. जाजमावर तानी बसली. नाव, गाव. चालून दाखव. मग आत्याचा आवाज आला, "वैनी, जरा पाणी आणा हो."

हीच हाक ऐकण्यासाठी तर सकाळपासून कान टवकारले होते. सोजरानं तांब्या भरला, उचलला, आणि – त्या दिवशी तांब्या कुणी आणला होता? मान खाली होती, तिला नुसता हात दिसला होता. हिरव्या बांगड्या, मनगटावर चुलीचा चटका... आईचा. चिंचेनं घासून लख्ख केलेला तांब्या आईनंच पुढं केला होता, पाव्हणीला तहान लागली असेल म्हणून, केवढ्या हौसेनं.

आईला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे.

राग कुठं गेला नव्हता, छे! होता तसाच होता, छातीत गच्च. फक्त इतकी वर्षं तो शालनबाईंकडे बघत होता. आता तांब्यावरच्या तिच्याच हाताकडे बघायला लागला.

"वैनी, पाणी!"

"आणते," ती म्हणाली. आवाज हुबेहूब आईचा निघाला.